पहिल्या पाचातलं नाव

“बास्केटबॉल हा उंचीचा खेळ नाही, वेगाचा नाही, चेंडूचा तर नाहीच नाही. बास्केटबॉल हा निष्ठेचा खेळ आहे!”

हे वाक्य मी दोन हजार सहाच्या जुलैत, आटवडीच्या भैरवनाथ कॉलेजच्या कोर्टावर, लोखंडी खुर्चीवर उभा राहून उच्चारलं. समोर सिमेंटवर मुलींचा संघ मांडी घालून बसला होता. वाक्य सुरू झालं तेव्हा बारा जणी होत्या. “निष्ठा म्हणजे काय?” असं विचारून मी परिणामासाठी जरा थांबलो, तेवढ्यात फाटकाबाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि चार जणी उठल्या.

“कुठं निघालात?”

“ऑफिसात, सर,” ऊर्मिला जगदाळे म्हणाली. पाच फूट अकरा इंच. भाषण करताना मी खुर्चीवर चढत असे, ते तिच्या डोळ्याला डोळा भिडवता यावा म्हणूनच. “दाखला तयार झालाय असा निरोप आलाय.”

“कसला दाखला?”

“कॉलेज सोडल्याचा. तुमचं भाषण ऐकून मगच जाणार होतो सर, पण जीपवाला थांबायला तयार नाही.”

चौघीही माझ्या पाया पडून गेल्या. संस्कारांत मी कुठं कमी पडलो नव्हतो. उरलेल्या आठ जणींत तिघी खो-खोच्या निघाल्या. भाषणानंतर केळी वाटतात असं ऐकून त्या आल्या होत्या. निष्ठेचा अर्थ सांगायचा राहिला तो राहिलाच.

मी त्या कॉलेजात क्रीडासंचालक होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात जिमखान्याची किल्ली, हवेचा पंप आणि शिट्टी या तीन गोष्टींचं मी संचालन करत असे. तरीही पंचवीस वर्षांत आमच्या मुलींच्या संघाचं तालुक्यात नाव झालं होतं, आणि ते झालं होतं माझ्या चपलांमुळे. म्हणजे मी दुसऱ्यांच्या चपला बघत असे त्यामुळे. दर जूनमध्ये मी आसपासच्या गावांतल्या शाळांत जायचो, नववी-दहावीतली लांब हातांची पोरगी हेरायचो आणि संध्याकाळी तिच्या घरी चहाला टपकायचो. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांची मापं बघायची. मग आत गेल्यावर चहा घेऊन आई आली की तिला मापायचं. आई दारातून येताना वाकली, तर पोरगी अजून चार बोटं वाढणार हे नक्की. ऊर्मिलाच्या आईनं चौकटीला डोकं आपटलं होतं. तो आवाज ऐकून मला झालेला आनंद त्या माउलीला कधीच कळला नसेल.

अशी हेरलेली पोरगी मग पाच वर्षं आपली. अकरावीला यायची, पदवी घेऊन जायची. कारण विद्यापीठाचा नियमच होता की, खेळाडूनं कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं. त्या जूनमध्ये परिपत्रक आलं. ‘खेळाडूंच्या व्यापक हितास्तव’ ती अट रद्द. पंधरा ऑगस्टपर्यंत कुणीही कुठंही जावं आणि लगेच खेळावं. तारीख बघून मला आधी हे काहीतरी देशभक्तीचं प्रकरण वाटलं.

खरं सांगायचं तर त्यात वाईट काही नव्हतं. चौघी गेल्या त्या पुलापलीकडच्या कॉलेजात वसतिगृह होतं, लाकडी कोर्ट होतं, रोज दोन अंडी होती. ऊर्मिलाच्या जागी मी असतो तर जीपच्या टपावर बसून गेलो असतो. आमच्याकडे केळी होती, तीही भाषणानंतर.

पुलापलीकडचे क्रीडासंचालक बिडकर. माझ्यापेक्षा वयानं लहान, पोटानं मोठे. मी त्यांना संतापून फोन केला.

“बिडकर, चार पोरी नेल्यात तुम्ही माझ्या.”

“नेल्या कुठं? आल्या,” बिडकर शांतपणे म्हणाले. “आणि तुम्ही अजून शाळाशाळांतनं हिंडताय म्हणे? खटावकर, नववीतली पोरं आता कोण बघत बसतंय? पाच वर्षं वाढवायची कुणी? तयार खेळाडू मिळतात की. तुम्हीही बघा. त्या कराडकडच्या कॉलेजात दोन चांगल्या आहेत, मला नको आहेत. नंबर देऊ?”

मी ताडकन फोन ठेवला. नंतर दहा मिनिटांनी परत लावला आणि नंबर घेतला.

त्याच आठवड्यात शमीम मुजावर जिमखान्यात आली. तिसऱ्या वर्षाची, पाच फूट चार इंच. तिला मी हेरली नव्हती. तिच्या आईची उंची बघून तर मी चहासुद्धा घेतला नसता. तीच आपणहून आली होती, आणि तीन वर्षांत संघाचा मेंदू झाली होती.

“सर, बिडकर सरांचा फोन आलता.”

“काय म्हणाले?”

“बूट, हॉस्टेल, अंडी.”

“मग?”

“मी म्हटलं, आमच्या सरांना विचारून सांगते.” ती दारातच उभी होती. “सर, मला एकच बघायचंय. विद्यापीठाच्या संघात नाव आलं पायजे. ते सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेला अर्ज करता येतो म्हणतात. हे शेवटचं वर्ष आहे. डिसेंबरात विभागाची फायनल आपल्याच कोर्टावर आहे ना? निवड समिती येणार ना?”

“येणार तर!”

“मग मी खेळणार का, तेवढं सांगा.”

मला भरून आलं. चौघी गेल्या होत्या आणि ही विचारायला आली होती. मी उभा राहिलो, खुर्चीशिवायच.

“शमीम, तू कॅप्टन. पहिल्या पाचात पहिलं नाव तुझं. लिहून देऊ?”

“नको सर. तुम्ही म्हणालात ना, बास झालं.”

ती गेली. आजही मला वाटतं, तेव्हाच कागद पेन घेऊन लिहून द्यायला हवं होतं. माझं अक्षर तरी मला आठवलं असतं.

आता कोर्टाविषयी सांगायला हवं. आमचं कोर्ट खेळासाठी बांधलं होतं, पण संस्थेच्या मते त्याचा खरा उपयोग लग्नं हा होता. गावात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू व्हायची, आणि दर मुहूर्ताला कोर्टावर मंडप पडायचा. मंडपाच्या बांबूंसाठी सिमेंटात पहारीनं भोकं पाडायची, लग्न झालं की ती वाळू-सिमेंटनं बुजवायची. बुजवलेल्या जागी चेंडू आपटला की मेला. वर यायचाच नाही. पाव भिजावा तसा बसायचा.

हा मंडप घालणारे हुसेनभाई मुजावर म्हणजे शमीमचे वडील. भोकं तेच पाडायचे आणि पोरगी त्याच कोर्टावर खेळते म्हणून पदरचं सिमेंट घालून तेच बुजवायचे. लहानपणापासून शमीम त्यांच्या हाताखाली पहार धरायची. त्यामुळे कोर्टावरचं प्रत्येक भोक तिला ठाऊक होतं, नावानिशी. हो, भोकांना नावं होती. ज्याच्या लग्नात पाडलं त्याचं नाव. डाव्या कोपऱ्यात ‘देशमुखांची धाकटी’, बास्केटसमोरच्या रिंगणाच्या तोंडाशी ‘सोनार’, मध्यरेषेजवळ ‘सरपंचाचं रिसेप्शन’. आमच्या मुली खेळताना एकमेकींना ओरडून सांगायच्या, “तिला सोनारावर ने!” मग समोरची पोरगी मागं सरत सरत बरोबर सोनारावर यायची, चेंडू आपटायची आणि खाली बघत राहायची. बाहेरून आलेल्या पंचांना वाटे, ही कुठली तरी आधुनिक पद्धत असावी. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो आमच्याकडे असा जमिनीतच होता.

पण मी बाजारात उतरलो होतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मी एसटीनं चार जिल्हे हिंडलो. चपला बघितल्या नाहीत, आया बघितल्या नाहीत. कॉलेजांच्या फाटकाबाहेर रसवंतीत बसून पोरींशी बोललो. तिथं आणखी तिघे क्रीडासंचालक बसलेले असायचे. आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नसू.

चौघी मिळाल्या. वसतिगृह नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या घराच्या माडीवर ठेवलं. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर परात उलटी करून दाखवली.

“अहो, पीठ संपलं.”

“उद्या आणतो.”

“उद्याचं म्हणतेय मी. आजचं दुपारीच संपलं होतं. शेजारनं आणलं.” मग परात सरळ करत म्हणाली, “या पोरी चांगल्या आहेत हो. पण नावं लक्षात ठेवू का नको ठेवू? राहणार आहेत का?”

“राहणार म्हणजे काय! इथंच राहणार.”

“मग ठेवते,” ती म्हणाली, आणि ठेवली नाहीत. बायको माझ्यापेक्षा लवकर शहाणी झाली होती.

चौघींची अट एकच होती. पहिल्या पाचात खेळणार. मी चौघींना शब्द दिला. चार अधिक शमीम, पाच. हिशेब जुळत होता. चौदा ऑगस्टला, मुदत संपायला एक दिवस असताना, प्राजक्ता काळभोर आली. सहा फूट. तिच्याबरोबर तिचे मामा होते, आणि बोलायचं काम मामांकडे होतं.

“दोन गोष्टी आहेत सर,” मामा म्हणाले. “पोरगी पहिल्या पाचात. आणि सामना अटीतटीचा झाला तर शेवटचा चेंडू पोरीच्या हातात.”

“चेंडू शेवटी कुणाच्या हातात जाईल ते मी कसं सांगू?”

“पुलापलीकडच्यांनी सांगितलंय.”

आमचे प्राचार्य नलवडे शेजारीच बसले होते. पुढच्या वर्षी कॉलेज तपासायला समिती यायची होती आणि त्यांना कार्यालयातल्या काचेच्या कपाटात एक करंडक हवा होता. कपाटात तेव्हा त्यांची छत्री होती. ते म्हणाले, “खटावकर, द्या की शब्द. शब्दाला काय लागतं?”

मी दिला.

शमीमला सांगायला मी तीन महिने घेतले. रोज ठरवायचो. ती सरावाला सगळ्यांच्या आधी यायची, नव्या पोरींना पास कसे द्यायचे दाखवायची, आणि एकदा तर माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, प्राजक्ता भारी आहे. आपण जिंकतो बघा यंदा.” अशा माणसाला वाईट बातमी सांगणं फार अवघड जातं. शेवटी नोव्हेंबरात सांगितलं.

“शमीम, सुरुवातीला तू जरा बाहेर बस. गरज लागली की पहिली तूच आत.”

ती चेंडू बगलेत धरून उभी होती. “कॅप्टन?”

“कॅप्टन तूच. नाणेफेकीला, आपलं हे… पंचांशी हात मिळवायला तूच जायचं.”

“बरं,” ती म्हणाली. मग चेंडूवरची धूळ पुसत, “सर, समिती बसलेल्यांना बघत नाही ना?”

“तुला आत घेणार म्हणतोय ना मी!”

“बरं सर.” ती जायला लागली आणि वळून म्हणाली, “यांना भोकं दाखवून ठेवू का? डोळे मिटून पाठ करून घेते.”

“दाखव की,” मी म्हणालो. पण प्राजक्तानं ऐकलं आणि ती हसत सुटली. “भोकं? आम्ही बास्केटबॉल खेळायला आलोय की गोट्या?” बाकीच्याही हसल्या. मीही हसलो. संघात एकी यावी म्हणून.

डिसेंबरात फायनल लागली. समोर कोण? पुलापलीकडचे. कोर्टाभोवती अख्खी आटवडी जमली होती. निवड समितीचे दोन सद्गृहस्थ सोफ्यावर होते, प्राचार्य त्यांच्या मधे. हुसेनभाई नवा पांढरा सदरा घालून रेषेलगत बसले होते.

पंचांशी हात मिळवायला शमीम गेली. समोरून ऊर्मिला आली. दोघी गळ्यात पडल्या. मग ऊर्मिला मैदानात गेली आणि शमीम बाकावर आली.

पहिली पाच मिनिटं आमची उंची बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ऊर्मिला ओरडली, “हिला सोनारावर घे!”

मी खुर्चीतून उठलो.

भोकं कुणाला माहीत होती? जीपमधून गेलेल्या चौघींना. त्यांनी तिकडच्या पोरींना आठवडाभर नकाशा काढून शिकवलं होतं. आमच्या माडीवरच्या पोरी, ज्यांना मी चार जिल्ह्यांतून गोळा केलं होतं, त्या आमच्याच कोर्टावर पाहुण्यासारख्या वाट चुकत होत्या. एक देशमुखांच्या धाकटीवर अडकली, दुसरीनं सरपंचाच्या रिसेप्शनला चेंडू घालवला. बिडकर दुसऱ्या टोकाला हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी माझे खेळाडू नेले होते हे मला ठाऊक होतं. माझं मैदानही नेलं होतं हे तेव्हा कळलं.

“सर, मी जाऊ?” शमीमनं पहिल्या क्वार्टरमध्ये विचारलं.

“थांब जरा.”

प्रत्येक वेळी मी बाकाकडे बघायचो आणि मग मैदानातल्या पाच जणींकडे. पाचही जणींना शब्द दिलेला. काढायची कुणाला? बाहेर काढलेली पोरगी पुढच्या जुलैत जीपमध्ये बसणार. मामा तर माझ्या मागच्याच खुर्चीत होते. मध्यांतरात शमीमनं पुन्हा विचारलं, तिसऱ्या क्वार्टरमध्ये नुसतंच बघितलं. त्याच सुमाराला प्राचार्य निवड समितीला घेऊन जेवायला उठले. बासुंदी थंड होत होती.

शेवटचं दीड मिनिट राहिलं. पाच गुणांनी मागं. एकीनं पाय मुरगळून घेतला, म्हणून, केवळ म्हणून, मी शमीमला आत पाठवलं.

हुसेनभाई उठून उभे राहिले.

पुढं जे झालं ते मी नंतर कधी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. ऊर्मिला चेंडू घेऊन उजवीकडून येत होती. शमीम तिच्यासमोर मागं सरत गेली, सरत गेली, आणि एका ठिकाणी नुसती थांबली. ऊर्मिलानं चेंडू आपटला. चेंडू आला नाही. ऊर्मिला खाली बघत राहिली, कारण तिच्या नकाशात तिथं भोक नव्हतं. गेल्या रविवारी डॉक्टर कुंभारांच्या लेकीचं लग्न झालं होतं आणि तो बांबू शमीमनं स्वतः ठोकला होता. तिनं चेंडू उचलला, धावत गेली, दोन गुण.

“डॉक्टर!” हुसेनभाई गर्दीत ओरडले. “डॉक्टरांचं भोक!” लोकांना वाटलं कुणाला तरी लागलं. दोघे जण खरंच डॉक्टरांना बोलवायला पळाले.

तीस सेकंदांनी दुसऱ्या पोरीला तिनं तिथंच नेलं. पुन्हा दोन गुण. एका गुणाचं अंतर. आठ सेकंद उरले तेव्हा चेंडू शमीमच्या हातात होता, ती बरोबर रिंगणाच्या तोंडाशी होती, आणि तिच्याभोवती कुणी नव्हतं. मोकळी, अगदी मोकळी. तीन वर्षं रोज संध्याकाळी ती त्याच जागेवरून शंभर चेंडू टाकायची, त्यातले नव्वद आत जायचे. मी स्वतः उभा राहून बघितलेले.

मागून मामा नुसते खाकरले.

“प्राजक्ताला दे!” मी ओरडलो.

शमीमनं माझ्याकडे बघितलं. अर्धा सेकंद असेल. त्या अर्ध्या सेकंदात ती चेंडू टाकू शकली असती, आणि मी आयुष्यभर तिचा ऋणी राहिलो असतो. पण सर सांगत होते. तिनं पास दिला.

प्राजक्तानं चेंडू घेतला, नेम धरायला एक पाऊल पुढं टाकलं, आणि चेंडू एकदाच आपटला. सोनारावर.

शिट्टी झाली. चेंडू तिथंच बसून होता.

पुलापलीकडचे नाचत होते. हुसेनभाई माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील, बोलावं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, “सर, पोरगी मोकळी होती.” आणि गर्दी हटवायला लागले, कारण दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता.

बक्षीस समारंभाला निवड समिती विडा चघळत परत आली आणि विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली. ऊर्मिला होती. प्राजक्ता होती. माझ्या माडीवरची आणखी एक होती.

“आणि आठ नंबर?” मी विचारलं.

“आठ नंबर कुठली?”

“शेवटी आली ती. चार गुण केले.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “शेवटी आम्ही हात धूत होतो, सर,” एक जण प्रामाणिकपणे म्हणाला. “आणि दीड मिनिट खेळलेली पोरगी घ्यायची कशी? तुम्हीच तिला बाहेर ठेवली होती ना? तुम्हीच जर…”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सभ्य माणसं होती.

पुढच्या जुलैत माडी रिकामी झाली. पाचही जणी गेल्या, पाया पडून. प्राजक्ता पुलापलीकडे गेली, ऊर्मिला पुलापलीकडून आणखी पुढं गेली, आणि बिडकर स्वतःच तिसऱ्या एका कॉलेजात गेले. प्राचार्यांच्या कपाटात छत्री राहिली. शाळांच्या फाटकात चपला बघणारं कुणी उरलं नाही. लांब हातांच्या पोरी दहावीनंतर घरी बसल्या. शमीम पोलिसात गेली नाही.

पण हे पुढचं. मला सांगायची आहे ती फायनलनंतरची सकाळ.

रात्रभर मी जागा होतो आणि एक भाषण तयार केलं होतं. पंचवीस वर्षांतलं ते माझं एकमेव खरं भाषण होतं. त्यात निष्ठा हा शब्द एकदाही नव्हता. तुला शब्द देऊन मी तो पाच वेळा दुसऱ्यांना दिला, असं त्यात होतं. ज्या सगळ्यांना मी धरून ठेवायला बघत होतो त्या जाणाऱ्या होत्या आणि जी राहिली तिला मी बाकावर ठेवलं, कारण ती राहणार हे मला माहीत होतं, असंही होतं. शेवटी, मी माफी मागतो, असं होतं.

कोर्टावर गेलो तेव्हा मंडपाचं काम सुरू झालं होतं. हुसेनभाई ट्रकवरून कनाती उतरवत होते. शमीम कालच्याच ट्रॅकसूटमध्ये, ओढणी कमरेला बांधून, पहार घेऊन उभी होती. मी तिच्यासमोर, रिंगणाच्या तोंडाशी, काल ती जिथं मोकळी होती तिथं जाऊन उभा राहिलो. हात मागं बांधले. घसा साफ केला.

“शमीम,” मी म्हणालो, “मला तुला काही सांगायचंय.”

“सांगा की सर.”

“काल मी जे केलं…”

ती ऐकत होती. खरंच ऐकत होती. मान जरा खाली, नजर माझ्या पायांशी. मला वाटलं, हिला रडू येतंय. मग तिनं पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“सर,” ती अदबीनं म्हणाली, “जरा बाजूला सरता का? तुम्ही सोनारावर उभे आहात.”